दुभाष्या संताची उर्सुला

उर्सुला तुस्कानो सातवीपर्यंत शाळेत गेली, आणि त्यातली शेवटची तीन वर्षं वर्गात तिने तोंड म्हणून उघडलं नाही. मुकी नव्हती ती. घरी, शेतावर, विहिरीवर तिची टकळी अखंड चालायची. पण तिचं माहेर वसईच्या खाडीकाठचं, भातशेतीचं. त्या गावात पाण्याला पानी म्हणत, कोणाला कोन म्हणत, आणि त्यात काही चूक आहे हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. पाचवीत नवे गुरुजी आले. त्यांनी उर्सुलाला उभं केलं आणि म्हणाले, "म्हण, पाणी."

"पानी."

"पानी नव्हे. पाणी. जीभ वळव."

"पानी," उर्सुला पुन्हा म्हणाली. तिला खरंच वाटत होतं की आपण तेच म्हणतोय. वर्ग हसला. गुरुजींनी दहा-बारा वेळा म्हणून घेतलं, प्रत्येक वेळी हशा वाढत गेला. गुरुजीही शेवटी हसले. त्या दिवशी उर्सुलाने ओठ मिटले. गावाबाहेरच्या माणसाशी बोलायची वेळ आली की ते आपोआप मिटायचे, पुढे लग्न झालं तरी.

लग्न होऊन ती उमेळ्याला आली. नवरा बेसिल रिक्षा चालवायचा, माणिकपूरच्या स्टँडवर त्याचा नंबर असे. सासरची केळीची वाडी होती, पण उर्सुला आली तेव्हाच तिच्या एका अंगाला चार मजली इमारत उभी राहत होती आणि दुसऱ्या अंगाची झाडं तोडायचं ठरलं होतं. वाडीतलं काम संपत आलं तसं १९९४ साली उर्सुला माणिकपूरला डॉक्टर लतिका सामंतांच्या प्रसूतिगृहात आया म्हणून लागली. मुलगी लुसी तेव्हा दुसरीत होती.

बारा खाटांचं ते प्रसूतिगृह. डॉक्टरबाई मूळच्या मालवणकडच्या, आवाज खणखणीत, स्वभाव तापट आणि हात हलका. त्यांना उर्सुला आवडली ती तिच्या गप्प राहण्यामुळे. "एवढ्या ओरड्यात एक तरी माणूस शांत आहे," असं त्या म्हणायच्या. उर्सुला चादरी बदलायची, बाळंतिणींना धरून न्हाणीघरात न्यायची, कळा देणाऱ्या बाईचा हात हातात घेऊन बसायची. तिच्या हाताला काहीतरी होतं. घाबरलेली बाई तो हात सोडत नसे.

त्या वर्षांत वसईत माणसांचा पूर आला होता. जिथे केळी आणि पानवेली होत्या तिथे खोल्या झाल्या, आणि त्या खोल्यांत दाही दिशांची माणसं येऊन राहिली. ती सगळी आपापली भाषा घेऊन यायची, आणि त्यांच्या बायका बाळंतपणाला आल्या की त्या भाषेतच कण्हायच्या.

१९९६च्या नोव्हेंबरात एका दुपारी एक मुकादम तशीच एक बाई दारात सोडून गेला. उमेळ्याच्या एका बांधकामावरची मजूर, तेलंगणातली, नाव नरसम्मा. विशीची असेल नसेल. डॉक्टरबाई आत ऑपरेशनला होत्या. सिस्टर स्वप्नाने तिला खाटेवर घेतलं, उर्सुला जवळ बसली. नरसम्माने तिचं मनगट घट्ट पकडलं आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लागली.

"बिड्ड कदुल्तलेदु. कदुल्तलेदु, अम्मा."

"कळा चालू झाल्यात," सिस्टर म्हणाली. "सगळ्याच ओरडतात."

पण ती ओरडत नव्हती. उर्सुलाला ते दिसत होतं. ती सांगत होती, समजावत होती, उर्सुलाच्या डोळ्यांत बघून, लहान मुलाला सांगावं तसं सावकाश. उर्सुला मान हलवत राहिली. काय करणार दुसरं? दोन तासांनी डॉक्टरबाई बाहेर आल्या, त्यांनी बाळाचे ठोके ऐकायची नळी पोटाला लावली, जागा बदलून पुन्हा लावली, आणि त्यांचा चेहरा उतरला. संध्याकाळी बाळ झालं ते गेलेलंच होतं. डोक्यावर दाट काळं जावळ होतं.

मुकादम आला तेव्हा उर्सुलाने आयुष्यात पहिल्यांदा परक्या पुरुषाला आपणहून प्रश्न केला. "कदुल्तलेदु म्हंजे काय?"

"हलत नाही," मुकादम म्हणाला. "पोर हलत नाही, असं बोलत होती काय?"

डॉक्टरबाई शेजारीच उभ्या होत्या. त्या बाकावर बसल्या. म्हणाल्या, "आली तेव्हा ठोके असतीलही, नसतीलही. ते आता कुणालाच सांगता येणार नाही. पण दोन तास ती आपल्याला सांगत होती, उर्सुला. कुणी मला बाहेर बोलावलं असतं..." नरसम्माच्या नवऱ्याला मुकादमाकरवी त्यांनी सगळं जसं घडलं तसं सांगितलं, काही झाकलं नाही.

तो शब्द उर्सुलाबरोबर घरी आला. भात निवडताना, कपडे धुताना तो तिच्या कानात फिरत राहिला. बेसिल म्हणाला, "एवढा त्रास होतो तर सोड ते काम." ती म्हणाली, "काम सोडलं तर शब्द सुटेल काय?"

फेब्रुवारी आला. वसईच्या सुपुत्राच्या, संत गोन्सालो गार्सियाच्या हौतात्म्याला त्या साली चारशे वर्षं होत होती. खास मिस्सेच्या प्रार्थनेसाठी उर्सुला, बेसिल आणि लुसी पापडीच्या चर्चला गेले. संताचं नाव उर्सुलाला जन्मापासून माहीत होतं. त्याची तसबीर पाहिलेली, सणाला मेणबत्ती लावलेली. क्रुसावर बांधलेला, भाल्याने भोसकलेला हुतात्मा एवढीच त्याची ओळख. तो आकाशातला आणि आपण चिखलातल्या, असं ते नातं होतं.

प्रवचनाला फादर फेबियन उभे राहिले. आवाज बारीक, बोलणं संथ.

"आज मी त्याच्या मरणाबद्दल बोलणार नाही," ते म्हणाले. "मरण एका सकाळचं होतं. मला त्याच्या आधीच्या वर्षांबद्दल सांगायचंय. बाप पोर्तुगीज शिपाई, आई ह्याच मातीतली. कोवळ्या वयात हा मुलगा जहाजात बसून जपानला गेला. तिथली भाषा शिकला. इतकी चांगली शिकला, की पुढे मनिलाहून धर्मगुरू जपानच्या सत्ताधीशाकडे गेले तेव्हा त्यांनी बोलण्यासाठी ह्यालाच बरोबर नेलं. तो फादर कधीच नव्हता, साधा ब्रदर होता. व्यापार करून झालेला होता. पंडित नव्हता. त्याचं काम काय, तर एकाचं म्हणणं दुसऱ्याला कळेल असं करणं. दुभाष्या होता तो! आपल्या वसईचा पहिला संत दुभाष्या होता."

बाकावर बसलेल्या उर्सुलाच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिने मान वर करून वेदीजवळच्या तसबिरीकडे पाहिलं. तोच चेहरा, तेच डोळे, पण आता तिला तिथे एक मुलगा दिसत होता, परक्या बंदरावर उतरलेला, ज्याला आजूबाजूचं एक अक्षर कळत नाही. लोक हसले असतील त्याला. चुकला असेल तो, शेकडो वेळा. आणि तरी बोलत राहिला असेल! मिस्सा कधी पुढे सरकली, लोक प्रसादासाठी कधी उठले, तिला समजलं नाही. लुसीने हात ओढला तेव्हा ती उभी राहिली.

बाहेर फादर लोकांना भेटत होते. गर्दी ओसरेपर्यंत उर्सुला भिंतीला टेकून थांबली. बेसिल रिक्षा सुरू करून हॉर्न वाजवत होता. ती पुढे झाली.

"फादर, तो भाषा शिकला कशी?"

फादरांनी तिच्याकडे पाहिलं. असा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. "ते कुठे लिहून ठेवलेलं माझ्या पाहण्यात नाही, बाई. पण शाळा थोडीच होती? माणसांत बसला असेल. विचारत राहिला असेल, हे काय, ते काय."

"त्याची आई आपल्यासारखीच बोलत असेल काय? आपल्या गावच्यासारखी?"

"चारशे वर्षांपूर्वीचं कोण सांगणार?" फादर हसले. पण ते हसणं गुरुजींसारखं नव्हतं, आणि ते लगेच म्हणाले, "इथली होती, म्हणजे इथलंच काहीतरी बोलत असणार. अंगाईपण त्यातच गायली असेल."

घरी आल्यावर उर्सुलाने लुसीचा नकाशांचा जुना ॲटलास मागितला. लुसीने नागासाकी शोधून दिलं, मग वसई नव्हती म्हणून मुंबईवर बोट ठेवलं. उर्सुलाने त्या दोन ठिपक्यांच्या मध्ये आपली वीत ठेवली. सगळं निळं. लंका, मलाक्का, मकाव, सगळं वळसे घालून. "एवढ्या लांब," ती पुटपुटली. "आनि मला उमेळ्याच्या त्या बिल्डिंगपर्यंत जाता येत नाही?"

दुसऱ्या दिवशी दुपारी ती बांधकामावर गेली. पत्र्याच्या खोल्यांची रांग होती. नरसम्मा बाहेर दगडावर बसून तांदूळ निवडत होती. उर्सुलाला पाहताच तिचे हात थांबले. उर्सुलाने वाडीतल्या केळ्यांची फणी खाली ठेवली आणि समोर मातीत बसली. काय बोलायचं ते तिने वाटेत दहा वेळा घोकलं होतं, पण तिच्याकडे त्या भाषेतला शब्द एकच होता. तिने स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि तोच उच्चारला.

"कदुल्तलेदु."

नरसम्मा तिच्याकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले. उर्सुलाने हात जोडले. मग आपल्या कानाला हात लावला, नकारार्थी मान हलवली, पुन्हा कानाला हात लावला. मला तेव्हा कळलं नाही. मला माफ कर. हे सगळं त्यात होतं आणि नरसम्माला ते उमगलं असावं, कारण तिने पदराने डोळे पुसले आणि उर्सुलाचं मनगट धरलं, अगदी त्या दिवसासारखं. मग तो शब्द तिने स्वतः म्हटला, सावकाश, 'दुल्' वर जरा जोर देऊन. उर्सुलाने तसा म्हटला. नरसम्माने मान हलवली, पुन्हा सांगितला. चौथ्या वेळी जमला. कुणी हसलं नाही.

तिथून उर्सुलाचं शिक्षण सुरू झालं. आठवड्यातून दोन दुपारी ती त्या पत्र्यांच्या रांगेत जाऊन बसायची. पहिल्या महिन्यात तिने ठरवलं की आपल्याला सगळी भाषा नको, बाळंतिणीचे प्रश्न हवेत. पोर हालतंय का? पानी गेलं का? रक्त जातंय का? डोकं दुखतं का? डोळ्यांपुढे धूसर दिसतं का? ताप आला होता का? आधीचं बाळंतपण कसं झालं? असे मोजून दहा प्रश्न निघाले. नरसम्माने ते तेलुगूतून पाठ करून घेतले, आणि प्रत्येकाची येऊ शकतील ती उत्तरंही. "प्रश्न सोपा असतो," उर्सुला पुढे सिस्टर लोकांना सांगायची, "उत्तर कळलं पायजे."

बेसिलने आधी कपाळाला हात लावला. "घरात मला समजेल असं काही बोलणार आहेस की नाही?" पण रिक्षात नाना देशींची माणसं बसत. एकदा तो घरी येऊन दारातूनच ओरडला, "कन्नडमध्ये डोक्याला तले म्हणतात! तले नोवू म्हणजे डोकेदुखी! एका सवारीला विचारून घेतलं." त्या दिवसापासून तोही सामील झाला. तमिळ शिकवणारी इडलीवाली त्यानेच शोधून दिली. भोजपुरी तर स्टँडवरच्या रिक्षावाल्यांच्या बायकांकडे फुकट होती.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. केरळच्या एका नर्सकडून तिने पाण्याला 'वेळ्ळम' म्हणायचं हे शिकून घेतलं, आणि मलयाळम-तमिळ बहिणी-बहिणीच म्हणून पाणी गेल्याचा प्रश्न त्याच शब्दाने एका तमिळ बाळंतिणीला विचारला. तिच्या तोंडी त्याचं 'वेल्लम' झालं. ती बाई कळा विसरून सासूकडे बघायला लागली. सासूने हिंदीत विचारलं, "ये गुड़ कायको पूछती? गुड़ गया क्या, बोलती!" तमिळमध्ये वेल्लम म्हणजे गूळ. सगळी खोली हसली. उर्सुलाचे ओठ जुन्या सवयीने मिटू लागले. पण तिला जपानच्या बंदरावरचा तो पोरगा आठवला, आणि ती स्वतःच खो-खो हसत सुटली. "मग पानी कसं म्हनायचं, ते तरी सांगा," ती म्हणाली. सासूने सांगितलं.

डॉक्टरबाईंनी हे सगळं बरेच महिने नुसतं पाहिलं. एकदा पेशंट नसताना त्यांनी उर्सुलाला केबिनमध्ये बोलावलं.

"हे कुणी शिकवलं तुला? कोर्स वगैरे केलास?"

उर्सुलाने संताची गोष्ट सांगितली. अडखळत सुरुवात केली आणि सांगता सांगता तिचा चेहरा उजळत गेला. डॉक्टरबाई देवाधर्माच्या फंदात न पडणाऱ्या. पण त्यांनी मध्ये तोडलं नाही. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी भिंतीवरच्या एका जुन्या फोटोकडे बोट केलं. नऊवारी नेसलेली, कोवळ्या चेहऱ्याची एक मुलगी. उर्सुला रोज तो फोटो पुसत होती.

"ह्या कोन, बाई? तुमच्या आजी?"

"आनंदीबाई जोशी. चौदाव्या वर्षी मूल झालं आणि दहा दिवसांत गेलं, उपचाराअभावी. म्हणून ती डॉक्टर व्हायला अमेरिकेला गेली, शंभर वर्षांपूर्वी, एकटी. डॉक्टर होऊन परत आली आणि बाविशी गाठायच्या आत गेली. एकही पेशंट धड तपासायला मिळाला नाही तिला इथे." "थकले की मी तिच्याकडे बघते. तिला न मिळालेले पेशंट मी तपासतेय, असं वाटतं. वेडेपणा आहे."

"वेडेपना कसला," उर्सुला म्हणाली. "त्या तुमच्या संत."

त्यानंतर डॉक्टरबाई तिला उर्सुलाबाई म्हणू लागल्या.

२००२ साल उजाडेपर्यंत उर्सुलाकडे नऊ भाषांत दहा प्रश्न झाले होते. आसपासचे दवाखानेही तिला बोलावू लागले होते. बेसिल रिक्षा घेऊन यायचा आणि ती तशीच निळ्या साडीत निघायची. त्या वर्षीच्या जानेवारीत, सकाळी अकराच्या सुमाराला, मिनोती नावाची एक बंगाली मुलगी दाखल झाली. नवरा सोन्याच्या कारखान्यात कारागीर. आठवा महिना, पहिलंच बाळंतपण, पाय थोडे सुजलेले. नाव नोंदवलं दुसरीकडे, कागद गावी राहिलेले. डॉक्टरबाई ओपीडीत होत्या, बाहेर वीस बायका बसलेल्या. सिस्टर स्वप्नाने तिला निजवून ठेवलं आणि रक्तदाबाचं यंत्र आणायला ती शेजारच्या खोलीत गेली, तिथे दुसरीच घाई निघाली.

उर्सुला मिनोतीपाशी बसली आणि बंगालीतले प्रश्न सुरू केले. डोकं दुखतं का? हो, दुखतं. मग पुढचा, डोळ्यांचा.

"चोखे झापसा देखछो?" धूसर दिसतंय का?

मिनोतीने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. ती छताकडे बघत म्हणाली, "शोर्षे फूल."

"काय?"

"खाली शोर्षे फूल देखछि, दीदी."

सिस्टर स्वप्ना तेवढ्यात दारात आली. "काय म्हणते? फूल? फुलं मागतेय का? बाळंत तर होऊ दे आधी."

उर्सुलाने हात वर करून तिला थांबवलं. 'शोर्षे' तिला माहीत नव्हतं. खाली म्हणजे नुसतं, हे माहीत होतं, फूल माहीत होतं. देखछि माहीत होतं, म्हणजे बघतेय. तिने खोलीभर नजर फिरवली. पांढरी भिंत, लोखंडी कपाट, पंखा. मिनोती पंख्याच्याही पलीकडे कुठेतरी बघत होती, आणि पापण्या पुन्हा पुन्हा मिटत होती, समोरचं काही झटकावं तशी.

"सिस्टर," उर्सुला म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम बदलला, "ती फुलं मागत नाही. तिला फुलं दिसतायत. इथं फुलं नाहीत, आनि तिला दिसतायत!"

ती पळत ओपीडीत गेली. वीस बायकांच्या मधून, तपासणी चालू असताना, दार न वाजवता. डॉक्टरबाई ओरडणार होत्या, पण उर्सुलाचा चेहरा बघून उठल्या. रक्तदाब घेतला तर पारा एकशे ऐंशीच्याही वर. मग पुढचा पाऊण तास सगळे धावत होते. आकडी रोखायचं इंजेक्शन, सलाईन, भूलतज्ज्ञाला फोन. उर्सुला मिनोतीच्या उशाशी उभी राहून एकेक गोष्ट तिला तिच्या भाषेत सांगत होती, जेवढी येत होती तेवढी. सुई टोचेल. घाबरू नको. मी इथेच आहे. दुपारी सिझेरियन झालं. मुलगी झाली, अगदी चिमणीएवढी, पण रडली ती सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशी.

हात धुऊन डॉक्टरबाई बाहेर आल्या. "अर्धा तास उशीर झाला असता तर आकड्या सुरू झाल्या असत्या," त्या म्हणाल्या. "दोघीही गेल्या असत्या कदाचित. उर्सुलाबाई, तुम्हाला कळलं कसं?"

"कळलं कुठे, बाई? तो शब्द मला अजून येत नाही."

तिसऱ्या दिवशी मिनोतीने तो शब्द समजावला. शोर्षे म्हणजे मोहरी. तिच्या गावी हिवाळ्यात मोहरीची शेतं फुलतात, नजर पोचेल तिथवर पिवळं. डोकं गरगरून डोळ्यांपुढे पिवळे ठिपके नाचायला लागले की तिकडे म्हणतात, मोहरीची फुलं दिसली. उर्सुला ऐकत राहिली. तिने मोहरी फोडणीत पाहिली होती, फुललेली कधीच नाही. एवढंसं बी, त्याचं फूल, त्याची म्हण, ती म्हण हजार कोसांवरून एका मुलीच्या तोंडातून माणिकपूरला येते आणि दोन जीव वाचतात. तिला त्या मुलीच्या पाया पडावंसं वाटलं. तिने तसं केलं नाही, पण बाळाच्या तळव्याला मात्र तिने कपाळ लावलं.

ही बातमी फादर फेबियनांपर्यंत पोचली. ते म्हातारे झाले होते, काठी घेऊन प्रसूतिगृहात आले आणि म्हणाले, यंदाच्या सणाला चर्चमध्ये तुझा सत्कार करू. उर्सुलाने साफ नाही म्हटलं. "सत्कार त्याचा करा. मी तर त्याची नक्कल केली." फादरांनी फार आग्रह धरला नाही. जाताना मात्र ते दारात वळले आणि म्हणाले, "चाळीस वर्षं मी प्रवचनं करतोय. मला नेहमी वाटायचं, शब्द भिंतींवर आपटून परत येतात." उर्सुलाने त्यांना रिक्षापर्यंत धरून नेलं.

वर्षं गेली. लुसी नर्सिंगला गेली. नरसम्मा गावी परतली, तिथे तिला दोन मुलगे झाल्याचं कुणीतरी येऊन सांगितलं. डॉक्टरबाईंनी उर्सुलाचे दहा प्रश्न नव्या नर्सेसना शिकवायला सुरुवात केली. दर सोमवारी दुपारी उर्सुला फळ्यापुढे उभी राहायची आणि तिच्या पद्धतीने बोलायची, आणि नर्सेस तशाच उच्चारात लिहून घ्यायच्या.

मग २००७च्या डिसेंबरात विरारच्या नव्या वसाहतीतून एक जोडपं आलं. स्वप्नाली आणि सुमेध. दोघांनाही ऐकू येत नव्हतं, बोलता येत नव्हतं. दोघंही शिकलेली, वही-पेन घेऊन आलेली. तपासणीला सगळं लिहून चालायचं. पण कळा सुरू झाल्या तेव्हा स्वप्नालीच्या हातात पेन धरवेना. तिने हातांनी बोलायला सुरुवात केली, झरझर, आणि खोलीत कुणालाच काही कळेना. सुमेध बाहेर औषधं आणायला गेलेला.

सगळ्यांनी सवयीने उर्सुलाकडे पाहिलं.

उर्सुला पंचेचाळीस वर्षांची होती. नऊ भाषा तिच्याजवळ होत्या आणि त्यातली एकही इथे चालणार नव्हती. ती खाटेसमोर जाऊन बसली, स्वप्नालीचा चेहरा दिसेल अशी, आणि स्वतःचे दोन्ही हात वर धरले, रिकामे. स्वप्नालीने ओळखलं. तिने वेग कमी केला. एक खूण केली, पाठीकडे बोट दाखवलं, पुन्हा तीच खूण केली. उर्सुलाने ती आपल्या हातांनी उचलली. पाठ दुखतेय, फार. मग दुसरी. मग तिसरी. सुमेध परत आला तेव्हा दोघींचं काहीतरी चाललेलं होतं आणि त्याने दारातच पिशवी खाली ठेवली.

स्वप्नालीला मुलगा झाला, सुखरूप. पण उर्सुला तेवढ्यावर थांबली नाही. दर रविवारी मिस्सा झाली की ती बेसिलच्या रिक्षातून विरारला त्यांच्या घरी जायला लागली. तिथे त्यांचे मित्र जमत, सात-आठ जण, सगळे न ऐकू येणारे. पहिल्या रविवारी ती कोपऱ्यात बसली आणि बघतच राहिली. खोलीत आवाज नव्हता, आणि तरी भांडण चाललं होतं, थट्टा चालली होती, कुणी गावाकडची हकीकत सांगत होतं आणि बाकीचे पोट धरून हसत होते. हातांवर, भुवयांवर, खांद्यांवर सगळी भाषा. शब्द हवेत उमटत होते आणि विरत होते. "एवढं मोठं जग," ती घरी जाताना बेसिलला म्हणाली, "आनि दाराशी असून मला ठाऊक नव्हतं."

पाचव्या की सहाव्या रविवारी स्वप्नालीने सगळ्यांना थांबवलं. सुमेधने वहीवर लिहून उर्सुलाला समजावलं: आमच्यात नाव अक्षरांनी घेत बसत नाही, प्रत्येकाची एक खूण असते, आणि ती आमच्यातल्याच कुणी द्यावी लागते. आज तुम्हाला नाव देतोय. मग स्वप्नालीने दोन बोटं आपल्या कपाळावर ठेवली आणि भुवयांच्या मधोमध आणून मिटली. समोरच्याचं कळून घेताना उर्सुलाच्या कपाळावर पडणारी आठी. एकाने ती खूण केली, मग दुसऱ्याने, मग खोलीतल्या सगळ्यांनी, तिच्याकडे बघत.

उर्सुलाने दोन बोटं उचलली आणि स्वतःचं नाव स्वतः घेऊन पाहिलं.